मांडणी

बिछायत केंद्र आमचं वसमतला, मोंढ्याच्या मागं.
सतरंज्या, कनाती, कढया, साडेचारशे खुर्च्या.
त्यातल्या बाराएक दुसऱ्याच्या,
पाठीवर पूर्ण्याच्या कुण्या मंडपवाल्याचं नाव,
कुठल्या लग्नात बदलल्या कुणाला ठाऊक.

इंगोले गुरुजींची करुणा आली,
नांदेडला चित्रकला शिकते ती.
म्हणली, काका, खुर्च्या लागतील.
लग्न कुणाचं?
म्हणली, कुणाचंच नाही.
मग बुकिंगची वही मागितली
आणि बोट ठेवत गेली
जिथं जिथं मी लाल पेनानं लिहिलं होतं: रद्द.

अकरा वर्षांत सदतीस.
मी कधी मोजले नव्हते.
ॲडव्हान्स तेवढा मोजला होता.

हळदीचं जुनं गोदाम, रिकामं.
एका लग्नाची एक खुर्ची, तोंड दाराकडं,
पाठीवर खडूनं तारीख. नाव नाही.
मी सवयीनं रांग सरळ करायला लागलो
तर म्हणली, राहू द्या वाकडी.
माणूस उठून गेल्यावर
खुर्ची सरळ असती का काका?
तीस वर्षं या धंद्यात,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

दारावर पाटी: मांडणशिल्प.
हाफिजनं दोनदा वाचली, माझ्याकडं बघितलं.
मांडणं मला कळतं.
डाव मांडतात, दुकान मांडतात, चूल मांडतात,
पंचांपुढं गाऱ्हाणं मांडतात,
घरात पितळी डबे मांडणीवर असतात ओळीनं.
शिल्प पण माहीत आहे, सहावीची सहल वेरूळला गेली होती,
नको तेवढा डोंगर काढला आणि उरलं ते देऊळ.
पण इथं कुणी काय काढलं?
सगळं तर भाड्याचं,
नगाला रोजचे सात रुपये.

नांदेडचे सर बोलले.
अवकाश, अवकाश, तीन वेळा म्हणले.
आमच्याकडं म्हणतात,
लग्नाला अजून अवकाश आहे.

लोक भिंतीला धरून उभे, फोटो बघायला आल्यासारखे.
आत कुणी जाईना.
मधला बल्ब लुकलुकायला लागला,
वायर माझी, होल्डर माझं,
म्हणून मी गेलो.
पायाखालून पिवळी धूळ उठली.
वाकलो तर समोर १४ मे.

मांडव घालून झाला होता त्या दिवशी,
आंब्याचे टहाळे बांधून झाले होते.
मुलीचा बाप स्वतः आला, म्हणला, सोडा.
आणि आम्ही गाठी सोडत होतो तवर
त्यानं सगळ्यांना चहा दिला, स्वतःच्या हातानं,
कुणाला साखर कमी लागते तेही विचारलं.

मी बसलो. त्याच खुर्चीवर.
मान वर केली तर सगळे माझ्याकडंच बघायलेत.
आत्ता तर मी बघणाऱ्यांत होतो,
चार पावलं टाकली
आणि त्यातलाच झालो.
करुणा दारात उभी होती, काही बोलली नाही.
बल्ब तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी गाडी लावली.
विचारलं, कुणी विकत घेतलं का गं?
म्हणली, हे विकत कुठं नेता येतं काका,
हे सोडायचं असतं.
सोडायचं, म्हणजे आमचंच काम की.
बिल झालं सातशे सत्त्याहत्तर.
मी सातशे घेतले.

परवा कुरुंद्याला लग्न होतं.
हाफिज म्हणला, मालक, खडू पुसायचा राहिला.
म्हणलं, आता पाहुणे बसलेत, राहू दे.
आठ डिसेंबरवर एक पोरगं
पाय हलवत जिलेबी खात होतं.
दोन फेब्रुवारी तिरपी झाली होती,
तिला मी हात लावला नाही.

चौदा मे तिथं नव्हती.
वेगळी ठेवलीय असं काही नाही.
गाडी भरताना
मागं राहते.